परत न करायची गाडी

माझे भावोजी खुर्चीवरून उठले की आपल्यावर कुणी बसलं होतं याचा खुर्चीला पत्ता लागत नसे. उठता उठता ते उशीला दोन थापट्या मारत, बसण्याचा खळगा भरून आला की नाही हे वाकून पाहत आणि चहाचा कप हातात घेऊनच वळत. कप धुऊन पालथा पडेपर्यंत आमचा चहा अर्धाही झालेला नसे. मी ताईकडे गेले की ते घरात आहेत का हे चपलांवरून ओळखायचं, तर चपलाही भिंतीशी अशा लावून ठेवलेल्या की अजून विकायच्या असाव्यात. कुणी रांगेत पुढे घुसलं, कुणी त्यांची छत्री नेली, तरी त्यांचं ठरलेलं एकच वाक्य, "हरकत नाही." मला या सगळ्याचा फार राग यायचा. माणसानं घरात राहावं, घरावर पहारा करू नये, असं माझं मत आहे आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे. धाकटी मेहुणी असल्याचे काही फायदे असतात.

पण दोष त्यांचा नव्हता, पेशाचा होता. बंदराजवळच्या यार्डात नव्या गाड्या उतरत आणि तिथून शहरातल्या शोरूमपर्यंत त्या चालवत आणण्याचं काम भावोजी करत. उभी नोकरी त्यांनी एवढंच केलं. सकाळी कंपनीची व्हॅन त्यांना यार्डात सोडी, मुकादम किल्ली हातावर ठेवी आणि समुद्राच्या कडेनं येणाऱ्या रस्त्यानं ते ती गाडी आणत. शोरूमच्या मागच्या आवारात रांगेत लावायची, स्टिअरिंग फडक्यानं पुसायचं, किल्ली फळीवरच्या हुकाला अडकवायची, की पुन्हा व्हॅन, पुन्हा यार्ड. शेवटची गाडी लावून झाली की बसनं घरी. सीटवरचं प्लॅस्टिक काढायचं नाही, रेडिओ लावायचा नाही, शेजारी कुणाला बसवायचं नाही, हातात सुती हातमोजे. थोडक्यात, गाडी चालवायची पण गाडीत असायचं नाही. घेणाऱ्याला वाटलं पाहिजे की ती आभाळातून अलगद खाली आली आणि तिला पहिला हात आपलाच लागला.

हीच शिस्त घरात आली. लग्न झाल्यापासून दोघांनी भाड्याच्या घरांत दिवस काढले आणि प्रत्येक घर सोडताना घेतलं तसं परत केलं. एका घरमालकानं तर किल्ली ताब्यात घेताना विचारलं, "तुम्ही राहिलात ना नक्की इथं?" भावोजींना ती शाबासकी वाटली. कितीतरी दिवस येईल त्याला तेच सांगत होते. भिंतीत खिळा ठोकणं त्यांच्या जिवावर येई, म्हणून आमच्या बाबांचा फोटो प्रत्येक घरात कपाटाच्या डोक्यावर, भिंतीला टेकवलेला. कपाटाचं दार जोरात लागलं की बाबा तोंडावर पडायचे. "बाबा पडले गं," असं ताई स्वयंपाकघरातून शांतपणे म्हणायची आणि येऊन उचलून ठेवायची. मी एकदा तावातावानं हातोडी घेऊन गेले, तर भावोजींचा चेहरा पांढराफटक पडला.

"वकीलबाई, जाताना भिंत जशीच्या तशी द्यायची असते," ते म्हणाले. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, पण वाद घालते म्हणून ते मला वकीलबाई म्हणतात.

"पण जाताय कुठं?"

"आज नाही. पण कधीतरी जायचंच की."

हातोडी मी तशीच घरी घेऊन आले.

असल्या माणसाबरोबर ताईनं संसार तरी कसा केला, असं कुणालाही वाटेल. त्याचं उत्तर खिडकीशी होतं. तिथं दोन खुर्च्या शेजारी शेजारी असत, दोन्हींची तोंडं बाहेर रस्त्याकडे. संध्याकाळी भावोजी हातपाय धुऊन एकीत बसत आणि ताई दुसरीत.

"आज कुठली?" ताई विचारी.

"निळी. निळी म्हणजे कशी, दिवे लागायच्या आधी खिडकीची काच दिसते ना, तशी."

आणि दोघं निघत. मी तिथंच पलंगावर वाटाणे सोलत बसलेली असे, पण ती दोघं खोलीत नसत. शहर यायच्या आधी त्या रस्त्याला एक फाटा आहे. उजवीकडे शोरूम, डावीकडे समुद्राला धरून रस्ता पुढे जातो. भावोजींना रोज उजवीकडे वळावं लागे, डावीकडे जायची मुभाच नव्हती. खुर्च्यांवरून मात्र ते रोज डावीकडे वळत. तिकडे बहुतेक धुकं असे. मग एक लांबच लांब पूल लागे, पुलाखाली नावा बांधलेल्या, पलीकडे पिवळ्या भिंतींचं गाव, आणि गावातल्या एका घरात कुणीतरी व्हायोलिन शिकत असे, त्याला ते कधीच येत नसे. शेजारच्या मोकळ्या सीटवर ताई असायची.

"पुलावर आलो तेव्हा तू म्हणालीस, काच खाली करा."

"मी म्हटलं असं?"

"म्हणालीस."

"मग केलीत का?"

"नियमात बसत नव्हतं. पण केली."

ताई डोळे मिटून हसायची, आणि खिडकी बंद असूनही तिचे केस जरा हलल्यासारखे मला वाटायचे. मी कितीही तोंडाळ असले तरी त्या वेळी शेंगांचासुद्धा आवाज होऊ देत नसे. एकदाच राहवलं नाही. म्हटलं, "परवा तिथं पूल होता, आज जंगल कुठून आलं?"

"पूल ओलांडला की जंगल लागतं, वकीलबाई," भावोजी मागे न बघता म्हणाले. समोर बघून चालवत होते ना.

मग दुमजली ट्रेलर आले. एकेका ट्रेलरवर ढीगभर गाड्या एका वेळेला येऊ लागल्या, आणि गाडी चालवत आणणाऱ्या माणसांची गरज संपली. भावोजींचं निवृत्तीचं वय झालंच होतं. कंपनीनं निरोप देताना सांगितलं, की तुम्हाला गाडी घ्यायची असेल तर सवलतीत देऊ, कशी घ्यायची ते तुम्ही ठरवा. ताईनं ते ऐकलं आणि हातातलं भांडं खाली ठेवलं. तिच्या मनात ही गोष्ट किती दिवसांपासून होती ते मला त्या क्षणी कळलं.

आम्ही तिघं शोरूमला गेलो. पुढच्या काचेच्या दारानं आत जायची भावोजींची ही पहिलीच वेळ. ते पायपुसण्यावर इतका वेळ पाय पुसत उभे राहिले की मला त्यांना ओढून आत न्यावं लागलं. तिथला विक्री बघणारा माणूस चांगला होता. गळ्यात टाय, बोलण्यात साखर, पण मनात काळंबेरं नाही. आम्ही त्याला आपसात टायवाला म्हणायला लागलो.

"काका, तुम्ही आमच्यातलेच," तो म्हणाला. "माझं ऐकाल तर लीजवर घ्या. महिन्याचं ठरलेलं भाडं भरायचं, देखभाल आमच्याकडे, तीन वर्षांनी गाडी परत आणि लगेच दुसरी नवीकोरी. अट एवढीच, ओरखडा नको, डाग नको, आणि ठरलेल्या किलोमीटरपेक्षा जास्त फिरवायची नाही."

भावोजींचा चेहरा असा उजळला, की वाटावं, हे कलम त्यांना बघूनच कुणी लिहिलं आहे. गाडी घ्यायची, जपायची आणि होती तशी परत करायची. जगात दुसरं कुणी हे काम त्यांच्याइतकं चोख करू शकलं नसतं.

मी मध्ये पडले. "आणि तीन वर्षांनी हातात काय उरलं? ठेंगा! त्यापेक्षा कर्ज काढा. थोडे आधी भरा, बाकीचे हप्त्यानं. हप्ते संपले की गाडी तुमची." मी रोज लोकांना हप्त्यानं चष्मे विकते, त्यामुळे हप्ता या शब्दाची मला भीती वाटत नाही.

"तेही करता येईल," टायवाला म्हणाला. "आणि रोख घेतलीत तर विषयच मिटला. पण मग शिल्लक सगळी जाईल काका, आणि ही समोरची मोठी गाडी जमणार नाही. ती जमेल." त्यानं कोपऱ्याकडे बोट केलं. तिथं एक छोटी, शेवाळी रंगाची गाडी भिंतीकडे तोंड करून उभी होती, वर्गाबाहेर काढल्यासारखी.

भावोजी लीजबद्दल आणखी चार प्रश्न विचारत राहिले. ताई उठली. तिनं त्या शेवाळी गाडीभोवती एक फेरी मारली, आत डोकावून शेजारची सीट बघितली आणि परत येऊन बसली. बाहेर रस्त्यावर आल्यावर मात्र म्हणाली, "अहो, परत करायची असेल तर मी त्या गाडीत बसणार नाही."

"अगं, दर तीन वर्षांनी नवी!"

"नवी मी रोजच ऐकते."

एवढं बोलून ती बसच्या थांब्याकडे चालू लागली. ताई मोठ्यानं भांडत नाही. ती नुसती चालू लागते, आणि मग आपल्यालाच धावावं लागतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या कामाच्या जागी गेले. ताई रोपवाटिकेत काम करते. काचेच्या छपराखाली ओळीनं कुंड्या, ओल्या मातीचा वास, पाण्याचा बारीक फवारा सतत चालू, त्यामुळे तिथं दुपारसुद्धा झोपेतल्यासारखी असते. ती रोपं मोठ्या कुंडीत लावत होती. मी म्हटलं, "एवढं काय धरून बसलीस? गाडी मिळतेय ना? लीज तर लीज."

तिनं हातातलं रोप खाली ठेवलं नाही. "आम्ही ज्या ज्या घरात राहिलो ना, त्यातल्या एकालाही आम्ही आठवत नसू. मला त्याचं काही वाटायचं नाही. आता वाटतं. मी उठले की माझी उशीसुद्धा हे थापटून सारखी करतात. प्रेमानं करतात, मला कळतं. पण कधी कधी भीती वाटते गं. उद्या मी गेले, तर हे अशाच दोन थापट्या मारतील आणि मी होते की नव्हते हे घरालाही कळणार नाही."

मी तिच्या हाताशी दुसरी कुंडी सरकवली. 

"मला एक जागा हवी आहे," ती म्हणाली, "मी उठल्यावरही माझीच राहील अशी. बस, एवढंच. गाडी मोठी नको, नवी नको. परत करायची नको."

संध्याकाळी मी भावोजींना जिन्यात गाठलं आणि फैलावर घेतलं. तुम्हाला बायकोपेक्षा कंपनीचा नियम मोठा वाटतो का, असं काहीतरी बोलले. ते पायरीवर बसले. बसण्याआधी पायरी पुसली, तो भाग वेगळा.

"वकीलबाई, तुला म्हणून सांगतो," ते म्हणाले. "लीजच्या गाडीला किलोमीटरची मर्यादा असते. म्हणजे फार लांब जाता येत नाही. डावीकडे वळायचं राहून गेलं, तर सांगायला कारण असतं."

"पण तुम्हाला तर डावीकडेच जायचं असतं!"

"खुर्चीवरून. खरी गाडी आपली झाली की ही म्हणणार, चला, पूल दाखवा. आणि तिकडे काय आहे ते मी कधी पाहिलेलंच नाही. काहीच नसलं तर? माझ्याकडे हिला द्यायला दुसरं काही नव्हतं गं. तेवढंच होतं."

जिन्यातला दिवा तेवढ्यात गेला.  अंधारातच मी त्यांना ताईचं बोलणं सांगितलं, उशीचं, थापट्यांचं, सगळं.  ऐकून ते उठले आणि पहिल्यांदाच पायरीकडे वळून न बघता वर गेले.

त्या आठवड्यात ते एकटेच शोरूमला गेले आणि ती शेवाळी गाडी रोख देऊन ठरवून आले. मी कपाळाला हात लावला. "निदान कर्ज काढायचंत! सगळी शिल्लक घालवलीत?"

"हप्ते संपेपर्यंत गाडी बँकेची," ते म्हणाले. "हिला बँकेच्या सीटवर कशाला बसवू?"

यावर मला उत्तर सुचलं होतं, पण ताईचा चेहरा बघून ते गिळलं.

शोरूममधली ती गाडी नुसती दाखवायची होती. आमची, तशीच दुसरी, यार्डात आली. भावोजींच्या नोकरीचा शेवटचा दिवस आणि त्या दिवशीची शेवटची गाडी म्हणजे आमचीच, असं मुकादमानं मुद्दाम जुळवून आणलं. कागदपत्रं आधीच झाली होती. शोरूमला जायचं काम नव्हतं, यार्डातून थेट घरी यायचं होतं. ताई रोपवाटिकेतून तशीच धावत आली, बुटांना चिखल, केसांत एक पान. मी पान काढायला गेले तर म्हणाली, राहू दे. आम्ही दोघी दाराशी रस्त्यावर उभ्या राहिलो. ऊन उतरलं होतं, सगळा रस्ता पिवळा झाला होता, आणि प्रत्येक गाडी लांबून आम्हाला शेवाळी दिसत होती. जवळ आली की तिचा रंग बदले. शेजारची म्हातारी खिडकीतून विचारत होती, कुणाची वाट बघताय? ताई नुसती हसत होती. मी तिला इतकी हसताना लहानपणानंतर बघितली नव्हती.

मग कोपऱ्यावरून भावोजी आले. चालत. रोज येतात तसे, बसमधून उतरून, हातमोजे खिशात, मान थोडी खाली. आमच्याजवळ येऊन थांबले आणि विचारू लागले, "अशा बाहेर का उभ्या? कुलूप लागलं का?"

"गाडी कुठाय?" मी म्हटलं.

"कुठली?"

आणि मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांचा हात आपोआप खिशात गेला, रिकामा बाहेर आला. फाट्यावर उजवीकडे वळून ते सवयीनं शोरूमकडेच गेले होते. गाडी मागच्या आवारात रांगेत लावली होती, स्टिअरिंग पुसलं होतं, किल्ली हुकाला लावली होती आणि बस पकडली होती. सगळं अगदी चोख.

मला हसू फुटलं. पोट धरून हसले मी, रस्त्यावर. पण ताई हसत नव्हती. तिनं केसांतलं पान काढलं आणि हातात धरलं.

"परत केलीत," ती म्हणाली.

ती वर निघून गेली. भावोजी फूटपाथवर उभेच. ताई त्या माणसावर कधी रागावलेली मी पाहिली नव्हती, कारण रागवायला ते कधी जागाच ठेवत नसत. आता त्यांच्याकडे बघवेना. थोड्या वेळानं ते भराभर जिना चढले, दोन दोन पायऱ्या एकदम, आणि वरून मला त्यांचा आवाज ऐकू आला, "अगं चल. अजून उघडं असेल. चल म्हणतो ना!" त्यांना ताईशी असं हुकमानं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. ताईनंही ऐकलं असावं, कारण ती खाली आली, त्याच चिखलाच्या बुटांनी.

आम्ही बस पकडली. दुकानांचे दिवे लागत होते आणि काचेवरून घसरून मागे जात होते. भावोजी उभ्यानं दांडीला धरून होते, बसायला जागा असून.

शोरूममध्ये गेलो तर गाडी रांगेत नव्हती. रांगेतली गाडी म्हणजे विकायची गाडी, असं धरून कामगारांनी ती धुऊन पुढच्या काचेच्या दालनात आणून ठेवली होती. वर दिव्यांचा झोत, खाली चकचकीत फरशी, आणि आमची शेवाळी गाडी पाण्यात तरंगत असल्यासारखी. आत एक जोडपं बसलं होतं. नवरा स्टिअरिंगवर हात फिरवत होता. बायको शेजारच्या सीटवर, प्लॅस्टिकवर, डोळे मिटून बसली होती. कुठंतरी निघालीच होती ती. मला तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

टायवाला धावत आला. झाला प्रकार कळल्यावर त्यानं आधी माफी मागितली, मग आवाज खाली आणला. "काका, एक विनंती करू? यांना हीच फार आवडलीय, आत्ता पैसे भरायला तयार आहेत. तुम्हाला पंधरवड्यात अगदी अशीच दुसरी आणून देतो. हाच रंग, हेच सगळं. तुम्ही तर जाणता, गाडीगाडीत काही फरक असतो का?"

खरंच नव्हता. त्या गाडीवर भावोजींची एक खूणसुद्धा नव्हती, बोटाचा ठसासुद्धा नाही, तो त्यांनी स्वतःच पुसला होता. ताई काचेच्या दाराजवळ उभी होती. आत आलीच नव्हती. तिला माहीत होतं आता कुठलं वाक्य येणार. मलाही माहीत होतं. टायवाल्याला तर खात्रीच होती, त्यानं आभार मानायला हात पुढे केला होता.

"हरकत..." भावोजी म्हणाले आणि थांबले.  "हरकत आहे."

टायवाल्याचा हात तसाच राहिला.

"मी ती परत केलेली नाही. मी विसरलो. ती माझी गाडी आहे." एवढं मोठ्यानं ते कधी बोलले नव्हते. दालनात आवाज घुमला आणि त्यांचं त्यांनाच दचकायला झालं. मग ते शेजारच्या दाराशी गेले, वाकले आणि अगदी मवाळपणे म्हणाले, "बाई, माफ करा. उतरता का जरा? ही आमच्या हिची जागा आहे."

ती बाई डोळे उघडून उतरली. भावोजींनी दोन्ही हातांनी सीटवरचं प्लॅस्टिक धरलं आणि ओढलं. हातमोजे नव्हते. ते प्लॅस्टिक सहज निघणारं नसतं. कर्रकन फाटलं, मग अडकलं, मग पुन्हा फाटलं. सगळं दालन बघत होतं. मी मोठी फटकळ बाई, पण मला तेव्हा रडू आलं, आणि मी ते आवरलंही नाही.

ताई आली. बुटांकडे तिनं एकदा बघितलं.

"असू दे," भावोजी म्हणाले. "बस."

आम्ही निघालो. घराकडे न वळता भावोजींनी गाडी समुद्राच्या रस्त्याला घातली. मी मागे, अजून प्लॅस्टिकवर, जरा हललं तरी चुरचुर. समुद्रावर थोडा उजेड शिल्लक होता. फाटा आला. एक रस्ता यार्डाकडचा, दुसरा खुर्चीवरून पाहिलेला. भावोजींनी गाडी इतकी हळू केली की मागच्यानं हॉर्न वाजवला.

"घरी जाऊ या का?" ते म्हणाले. "उशीर झालाय."

"वळा," ताई म्हणाली.

तिकडे धुकं नव्हतं. गोदामं होती, ओळीनं, पत्र्याची. मग एक पेट्रोल पंप. मग टायरांचा ढीग आणि त्यावर झोपलेलं कुत्रं. पिवळ्या भिंतींचं गाव नव्हतं, व्हायोलिन नव्हतं. भावोजींची मान मागून मला दिसत होती आणि ती हळूहळू खांद्यांत जात होती. शेवटी एक नाला आला, त्यावर जेमतेम दोन गाड्यांच्या रुंदीची मोरी. ते मोरीवर थांबले. पुढे जायचा धीर झाला नसावा.

"हाच का तो पूल?" ताईनं विचारलं.

भावोजी तळहातानं स्टिअरिंग पुसू लागले.

ताईनं नाल्याकडे बघितलं. एका खुंटाला एक फुटकी नाव बांधलेली होती. तिच्यात पाणी साचलं होतं. 

"अहो," ती म्हणाली, "काच खाली करा."

भावोजींनी तिच्याकडे वळून बघितलं. मग त्यांनी काच खाली केली. खारट वारा आत आला, थोडा डिझेलचा वासही आला, आणि ताईचे केस उडाले. या वेळी खरेच उडाले.

"मी म्हटलं होतं ना असं?" ती म्हणाली.

"म्हणाली होतीस," भावोजी म्हणाले.  रस्ता मोरीच्या पलीकडेही जात होता. थोड्या वेळानं त्यांनी गिअर टाकला आणि आम्ही पुढे गेलो.

याला आता बरेच दिवस झाले. माणसं काही मुळापासून बदलत नाहीत. बाबांचा फोटो अजून कपाटावरच आहे आणि अजून पडतो. भावोजींचा कप आमच्या आधी धुऊन होतो. दोन खुर्च्याही खिडकीशी तशाच आहेत. कुठल्याशा रस्त्याचं बोलणं चालू असतं, फक्त आता ताई सांगते आणि भावोजी विचारतात, "तिथं पूल होता का?" ती म्हणते, "होता की. तुमचं लक्ष रस्त्यावर होतं."

काल दुपारी मी दुकानातून येत होते, तेव्हा ती दोघं कुठूनतरी परत आलेली होती. ताई उतरून आत गेली. भावोजी तिच्या बाजूला आले आणि उघड्या दारातून आत वाकले. सीटवर ताईच्या बसण्याचा खळगा होता, खाली तिच्या बुटांची वाळलेली माती. त्यांचा हात सवयीनं पुढे झाला. मी जागच्या जागी थांबले. तो हात त्यांनी खळग्यावर ठेवला आणि तसाच ठेवला, ऊब आहे का बघावी तसा. मग तो उचलून त्यांनी दार लावलं, अगदी हळू, आत कुणी बसलेलं असताना लावतात तसं.